ड्रीमकास्ट नेमका कशामुळे हरला: ग्राफिक्स, कंट्रोलर की जाहिरात?

अनिकेत_पुणे (प्रश्न)

सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट हा कन्सोल जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ रोजी आणि अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ रोजी बाजारात आला. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने त्याचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेतल्या ग्राहकाच्या हाती हे यंत्र पडून तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. जगभरात त्याची एकूण विक्री ९१ लाखांच्या घरात थांबली, आणि त्याच्यासमोर उभा ठाकलेला सोनीचा प्लेस्टेशन २ पुढे १५ कोटींहून अधिक खपला.

जुन्या कन्सोलची आवड असणारा आमचा एक गट आहे आणि त्यात या विषयावर सतत वाद होतो. प्लेस्टेशन २ चे ग्राफिक्स इतके सरस होते की ड्रीमकास्टचा टिकाव लागणे शक्यच नव्हते, असे काही जण म्हणतात. काही जण कंट्रोलरकडे बोट दाखवतात: दुसरी अ‍ॅनालॉग स्टिक (अंगठ्याने हव्या त्या दिशेला कमीजास्त झुकवायची दांडी) न देऊन सेगाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. उरलेल्यांच्या मते यंत्र उत्तम होते, फक्त सोनीची जाहिरात भारी पडली.

मी स्वतः इंग्लंडहून आणलेला एक वापरलेला ड्रीमकास्ट हल्ली नियमित खेळतो. व्हीजीए जोडणीने संगणकाच्या मॉनिटरवर ‘सोलकॅलिबर’ हा गेम लावला की त्यातले चित्र इतके स्वच्छ आणि स्थिर दिसते की हे यंत्र १९९८ सालचे आहे यावर विश्वास बसत नाही. म्हणूनच ‘हरला, म्हणजे वाईटच असणार’ हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्यांनी दोन्ही कन्सोल जवळून पाहिले आहेत किंवा ज्यांना त्यांच्या अंतर्रचनेची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. नुसती आवडनिवड नको, कारणे हवी आहेत.

त्रिकोणमिती

मी ग्राफिक्सपुरतेच बोलतो, कारण माझा व्यवसाय त्याच क्षेत्रातला आहे.

ड्रीमकास्टमध्ये हिताचीचा २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर आणि पॉवरव्हीआर २ ही ग्राफिक्स चिप होती. या चिपची काम करण्याची पद्धत त्या काळातल्या इतर चिपांपेक्षा वेगळी होती. ती पडद्याचे ३२ बाय ३२ पिक्सेलचे लहान चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनात कोणता पृष्ठभाग सर्वांत पुढे आहे हे आधी ठरवते आणि मगच त्यावर टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावरचे चित्र, चढवते. भिंतीमागे दडलेल्या वस्तू रंगवण्यात तिचा वेळ जात नाही. शिवाय कोणती वस्तू किती मागे आहे हा खोलीचा (डेप्थ) हिशेब चिपच्या आतच होत असल्यामुळे त्यासाठी व्हिडिओ मेमरी अडकून पडत नाही. धूर, काच, पाणी यांसारख्या पारदर्शक थरांचा क्रमही ती स्वतःच लावून घेते. हे काम इतर यंत्रांवर प्रोग्रामरला डोकेफोड करून स्वतः करावे लागे.

आता मेमरीचा हिशेब पाहा, कारण सगळी गंमत तिथेच आहे. ड्रीमकास्टला ८ एमबी व्हिडिओ मेमरी होती. ६४० बाय ४८० चे सोळा बिटांचे दोन फ्रेम बफर, म्हणजे पडद्यावर जाणारे चित्र साठवण्याच्या जागा, ठेवले तर सव्वा एमबीच्या आसपास जागा जाते. दृश्याच्या याद्यांसाठी आणखी थोडी धरली, तरी टेक्श्चरसाठी चार-पाच एमबी सहज उरतात, आणि त्यावर हार्डवेअरमधूनच होणारे टेक्श्चर कॉम्प्रेशन मिळते ते वेगळेच. प्लेस्टेशन २ च्या ग्राफिक्स सिंथेसायझर या चिपला मात्र फक्त ४ एमबी मेमरी होती. ती प्रचंड वेगवान होती, पण होती चारच. ६४० बाय ४४८ चा बत्तीस बिटांचा एक बफर सव्वा एमबीच्या जरा आत बसतो, असे दोन बफर आणि एक खोलीचा बफर धरला तर जवळपास साडेतीन एमबी खर्च होतात. उरलेल्या कोपऱ्यात टेक्श्चर कोंबायचे, किंवा मुख्य मेमरीतून दर फ्रेमला अनेकदा आणून ओतायचे, एवढेच पर्याय राहतात. ही कसरत अंगवळणी पडेपर्यंत अनेकांनी सुरुवातीच्या गेममध्ये निम्म्या उंचीचे चित्र काढून ते टीव्हीच्या आलटूनपालटून येणाऱ्या ओळींवर सोडले. ‘रिज रेसर ५’ मधल्या दातेरी कडा आणि थरथरणाऱ्या रेषा तेव्हा सर्वांनी पाहिल्या. अनिकेत यांना मॉनिटरवर जे स्वच्छ चित्र दिसते आहे, त्याचे कारण ड्रीमकास्ट पूर्ण उंचीचे चित्र एकाच दमात पाठवतो हे आहे.

मग प्लेस्टेशन २ कमकुवत होता का? मुळीच नाही. त्याची दोन व्हेक्टर युनिट्स भूमितीची जेवढी आकडेमोड करू शकत, तेवढी एसएच-४ ला झेपणारी नव्हती. कण, ठिणग्या, पाऊस, धुराचे लोट हे सारे एकावर एक थापण्याची त्याची ताकद अफाट होती. २००१ साली आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो ३’ आणि ‘मेटल गिअर सॉलिड २’ मध्ये ती दिसलीच. परंतु तारखा नीट पाहा. ज्या गेमनी प्लेस्टेशन २ चे श्रेष्ठत्व सिद्ध केले, ते ग्राहकांच्या हाती पडले तेव्हा सेगाने माघार जाहीर केलेली होती. २००० सालच्या दिवाळी-नाताळात, म्हणजे खरी लढाई चालू असताना, दोन्ही यंत्रांवरचे गेम शेजारी शेजारी ठेवले असते तर पारडे पुष्कळदा ड्रीमकास्टकडे झुकले असते. त्यामुळे ‘ग्राफिक्समुळे हरला’ हे म्हणणे कालक्रमातच बसत नाही.

आकड्यांच्या जाहिरातीबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. सोनीने सेकंदाला ६ कोटी ६० लाख पॉलिगॉन (ज्या बहुकोनांनी त्रिमितीय चित्र बनते ते) असा आकडा पुढे केला, तर सेगा ३० लाखांचा आकडा सांगत होती. पहिला आकडा टेक्श्चर नाही, प्रकाश नाही, खेळ नाही अशा अवस्थेतल्या नुसत्या गणिताचा होता. दुसरा बराचसा प्रत्यक्ष खेळातल्या स्थितीचा होता. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी छापणे हा वाचकांवर अन्याय होता, आणि त्या वेळच्या अनेक नियतकालिकांनी तो केला.

मीरा_डोंबिवली

कंट्रोलरचा विषय निघाला आहे म्हणून लिहिते. जुने कंट्रोलर उघडून दुरुस्त करण्याचे काम मी आवडीने करते, त्यामुळे बाहेरून जेवढे दिसते त्यापेक्षा थोडे अधिक सांगता येईल.

ड्रीमकास्टच्या कंट्रोलरचे चार-पाच स्क्रू काढून वरचे कवच उचलले की स्टिकच्या बुडाशी एक लहानसे चुंबक दिसते आणि त्याच्यासमोरच्या पट्टीवर चुंबकीय क्षेत्र मोजणारे हॉल सेन्सर दिसतात. दोन्ही ट्रिगरमध्येही तीच रचना आहे. एकमेकांवर घासणारा भाग स्थान मोजण्याच्या कामात कुठेच नाही. आजच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये कार्बनच्या पट्टीवर सरकणारा पोटेन्शिओमीटर असतो, ती पट्टी झिजते, आणि मग कोणी हात न लावताही पात्र आपोआप एका बाजूला चालू लागते. या त्रासावर उपाय म्हणून हॉल सेन्सरच्या स्टिक आज जादा पैसे घेऊन विकल्या जात आहेत. सेगाने १९९८ साली त्या मुळातच बसवल्या होत्या. माझ्याकडे आलेल्या कंट्रोलरमध्ये वायर तुटलेल्या असतात, बटणांखालचे रबर फाटलेले असते, पण स्टिक सहसा ठणठणीत असते.

दोषही आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. वायर खालच्या बाजूने, म्हणजे खेळणाऱ्याच्या पोटाकडून निघते. ती वर वळवून मागच्या खाचेत अडकवावी लागते. दिशांच्या बटणाच्या कडा टोकदार आहेत, लढतीचे गेम तासभर खेळले की अंगठा हुळहुळतो. कंपनाची सोय आत नाही, त्यासाठी वेगळे पॅक विकत घ्यायचे आणि ते बसवले की एक खाच भरली. व्हीएमयू या मेमरी कार्डातल्या दोन बटण-बॅटऱ्या लवकर संपतात आणि मग कन्सोल सुरू करताना दर वेळी ते कर्कश किंचाळते. सुदैवाने जतन केलेले खेळ फ्लॅश मेमरीत असल्यामुळे ते पुसले जात नाहीत.

याच व्हीएमयूची दुसरी बाजूही आहे. ४८ बाय ३२ पिक्सेलचा पडदा कंट्रोलरच्या मधोमध, प्रत्येक खेळाडूच्या हातात! ‘एनएफएल २के’ या अमेरिकन फुटबॉलच्या गेममध्ये पुढची चाल निवडताना ती फक्त आपल्याच पडद्यावर दिसते, शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला कळत नाही. एकाच सोफ्यावर बसून खेळणाऱ्यांसाठी इतका नेमका विचार त्या काळात दुसऱ्या कोणत्याही कन्सोलने केला नव्हता. कंट्रोलरचे चार पोर्टही यंत्रातच होते. प्लेस्टेशन २ वर दोनच होते आणि चौघांसाठी वेगळा जोड घ्यावा लागे.

आता दुसऱ्या स्टिकबद्दल. सोनीचा ड्युअलशॉक हा दोन स्टिकचा कंट्रोलर १९९७ सालीच बाजारात आला होता, त्यामुळे दोन स्टिकची कल्पना सेगाला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. सेगाने १९९६ साली सॅटर्न या आपल्या आधीच्या कन्सोलसाठी काढलेल्या गोल ३डी पॅडची रचनाच पुढे नेली आणि ती एका स्टिकवर थांबली. मात्र ड्रीमकास्टच्या आयुष्यात दुसऱ्या स्टिकवाचून अडून राहणारे गेम फार थोडे होते. १९९९ सालच्या ‘एप एस्केप’ ने दोन्ही स्टिक सक्तीच्या केल्या हे खरे, पण एका स्टिकने चालायचे आणि दुसरीने नेम धरायचा ही सवय सर्वत्र रुजली ती २००१ च्या अखेरीस ‘हेलो’ आल्यानंतर. ‘क्वेक ३’ खेळण्यासाठी तर ड्रीमकास्टला कीबोर्ड आणि माऊस जोडता येत असे. हा दोष यंत्र जगले असते तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी नडला असता. प्रत्यक्षात यंत्र तिथवर पोहोचलेच नाही.

आणखी एक. अ‍ॅनालॉग ट्रिगर, ए, बी, एक्स, वाय अशी बटणांची मांडणी, कंट्रोलरमध्येच मेमरी कार्डाच्या दोन खाचा: २००१ साली मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्सचा कंट्रोलर काढला तेव्हा हे सारे त्यात होते. ज्या कंट्रोलरमुळे कन्सोल बुडाला असे म्हणतात, त्याची मांडणी प्रतिस्पर्ध्याने कशाला उचलली असती?

देवदत्त_नाशिक

वरची चर्चा उत्तम आहे, पण कन्सोल विकत घेणारा बहुतेक वेळा खेळणारा नसतो, घरातला कमावता माणूस असतो, हे त्यात सुटले आहे. प्लेस्टेशन २ डीव्हीडी चालवत असे. जपानमध्ये तो मार्च २००० मध्ये ३९,८०० येनला आला तेव्हा निव्वळ डीव्हीडी प्लेअर घ्यायचा म्हटले तरी तेवढे पैसे सहज पडत होते. शिवाय पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क त्यावर चालत, म्हणजे जुना संग्रह वाया जात नव्हता. ड्रीमकास्टची जीडी-रॉम ही सेगाची स्वतःची डिस्क होती, तिच्यात सुमारे एक गिगाबाइट मावे आणि तिच्यावर चित्रपट मिळत नसत. १४९ डॉलर विरुद्ध २९९ डॉलर असा फरक असूनही लोकांनी महाग यंत्र निवडले, याचे कारण मला एवढेच दिसते. आपल्याकडेही पुढे प्लेस्टेशन २ घरोघरी शिरला तो ‘सिनेमापण बघता येतो’ या वाक्याच्या आधारावर, हे माझ्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल.

जुना_खेळगडी (न्यू जर्सी)

देवदत्त यांचे म्हणणे खरे आहे, पण ते अर्धेच आहे. मी त्या काळात इथल्या एका खेळण्यांच्या दुकानात काम करत होतो आणि काउंटरच्या अलीकडून जे दिसले ते सांगतो.

ग्राहकांचा पहिला प्रश्न डीव्हीडीचा नसे. ‘हा तरी किती दिवस चालणार?’ असे ते विचारत. हा प्रश्न समजून घेण्यासाठी मागे जावे लागते. नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगाने मेगा ड्राइव्ह या आपल्या जुन्या कन्सोलला, म्हणजे इथल्या जेनेसिसला, जोडायचे ३२एक्स हे उपकरण १५९ डॉलरला विकले. जेमतेम सहा महिन्यांनी, ११ मे १९९५ रोजी, लॉस एंजेलिसच्या ई३ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात सेगाचे अमेरिकी प्रमुख टॉम कालिन्स्के यांनी सॅटर्न आजपासूनच ३९९ डॉलरला मिळेल असे जाहीर केले. तो सप्टेंबरमध्ये येणार असे आधी सर्वांना सांगितलेले होते. माल मोजक्या विक्रेत्यांनाच मिळाला. वगळल्या गेलेल्या केबी टॉइज या दुकानसाखळीने सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. गेम तयार करणाऱ्या कंपन्यांचे वेळापत्रक सप्टेंबरचे होते, त्यामुळे कपाटात यंत्र होते आणि त्यावर खेळायला फारसे काही नव्हते. त्याच दिवशी सोनीच्या स्टीव्ह रेस यांनी व्यासपीठावर येऊन ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि ते खाली उतरले. ज्यांनी ३२एक्स घेतला त्यांचे पैसे बुडाले, ज्यांनी सॅटर्न घेतला त्यांना १९९७ मध्ये सेगाच्याच अमेरिकी प्रमुखांकडून ऐकावे लागले की कंपनीचे भविष्य सॅटर्न नाही. अशा घरात चौथ्यांदा सेगाचा डबा नेताना आईवडील बिचकणारच.

म्हणून ‘जाहिरात कमी पडली’ हे मला मान्य नाही. ९-९-९९ ही तारीख, १९९ डॉलर ही किंमत आणि पहिल्याच दिवशी दीड डझनाच्या आसपास गेम ही तयारी मी पाहिलेल्या कोणत्याही कन्सोलपेक्षा चांगली होती. पहिल्या चोवीस तासांत अमेरिकेत ९ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक विक्री झाली. ‘इट्स थिंकिंग’ या घोषवाक्याच्या जाहिराती यंत्र काय करते हे नीट दाखवत नव्हत्या, ही टीका मी करेन. पण त्यांनी लोकांना दुकानापर्यंत आणले. त्यांना दुकानातच थोपवून धरले ते सोनीने. मार्च १९९९ मध्ये, म्हणजे ड्रीमकास्ट अमेरिकेत येण्याच्या सहा महिने आधी, सोनीने पुढच्या प्लेस्टेशनची प्रात्यक्षिके दाखवली आणि ‘इमोशन इंजिन’ हे त्याच्या प्रोसेसरचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. वर त्रिकोणमिती यांनी सांगितलेला ६ कोटी ६० लाखांचा आकडा माझ्याशी बोलताना दहावीतली मुले तोंडपाठ म्हणून दाखवत. ज्याच्यावर भरवसा आहे त्याने ‘थांबा’ म्हटले की लोक थांबतात. सोनीची जाहिरात चालली याचे कारण तिच्यामागे पहिल्या प्लेस्टेशनची पाच वर्षांची पुण्याई होती.

हीच गोष्ट गेम कंपन्यांची. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ड्रीमकास्टसाठी एकही गेम काढला नाही. इथे त्यांच्या ‘मॅडन’ या अमेरिकन फुटबॉलच्या गेमशिवाय कन्सोल म्हणजे लाखो ग्राहक हातचे गेले. सेगाच्या स्वतःच्या ‘एनएफएल २के’ ने ती जागा गुणवत्तेत भरून काढली, नावात नाही.

पैशाचीही बाजू विसरू नये. सेगा आधीच तोट्यात होती आणि किंमत कमी करून यंत्र खपवण्याची तिची ताकद संपत आली होती. ३१ ऑगस्ट २००० पासून किंमत १४९ डॉलरवर आणली, तरी ती सोनीसारखी वर्षानुवर्षे तग धरू शकत नव्हती. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी कंपनी वाचवण्यासाठी सुमारे ८५ अब्ज येन एवढी वैयक्तिक संपत्ती तिला दिली आणि मार्च २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. उद्योगाच्या इतिहासात मालकाने असा हात सैल सोडल्याचे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अनिकेत_पुणे

सर्वांचे आभार. दोन शंका राहतात. एक म्हणजे पायरसी: ड्रीमकास्टवर कोणतीही चिप न बसवता साध्या सीडीवर उतरवलेले गेम चालत, मग त्यानेच तो बुडाला असे का म्हणू नये? दुसरी म्हणजे जपान. भरवसा अमेरिकेत गमावला असेल, पण जपानमध्ये तर सॅटर्न चांगला खपला होता.

त्रिकोणमिती

पायरसीचे थोडक्यात सांगतो. मिल-सीडी नावाच्या संगीताच्या सीडीसाठी ठेवलेल्या सोयीतून ती वाट निघाली आणि २००० सालच्या मध्यानंतर ती सर्वांना खुली झाली. विक्री त्याआधीच मंदावू लागली होती. शिवाय पहिल्या प्लेस्टेशनच्या नकली डिस्क आपल्या लॅमिंग्टन रोडपासून हाँगकाँगपर्यंत ढिगाने मिळत होत्या, तरी तो १० कोटींहून अधिक खपलाच. पायरसीने गेम कंपन्यांचे मन आणखी उडाले असेल, पण मूळ दुखणे ते नव्हे.

मीरा_डोंबिवली

जपानबद्दल अनिकेत यांची शंका रास्त आहे आणि इथे मी खेळगडीकाकांशी थोडी असहमत आहे. तिथे सॅटर्न ५० लाखांहून अधिक खपला होता, म्हणजे विश्वासघाताची गोष्ट तिथे लागू पडत नाही. तिथे गाडी अडली ती कारखान्यात. पॉवरव्हीआरच्या चिप पुरेशा संख्येने तयार होत नव्हत्या, त्यामुळे सेगाला आगाऊ नोंदणी थांबवावी लागली. पहिल्या दिवशी चारच गेम होते आणि ‘सोनिक अ‍ॅडव्हेंचर’ जवळपास महिन्याने आला. ज्यांना यंत्र हवे होते त्यांना मिळाले नाही, ज्यांना मिळाले त्यांच्याकडे खेळायला पुरेसे नव्हते, आणि सोळा महिन्यांत प्लेस्टेशन २ दारात उभा राहिला.

रचनेतला एक निर्णय मला कंट्रोलरपेक्षा कितीतरी मोठा वाटतो आणि त्यावर आपण कोणीच बोललो नाही. सेगाने प्रत्येक यंत्रात फोनच्या लाइनवरून इंटरनेटशी जोडणारा मॉडेम बसवला. तो खर्च प्रत्येक डब्यावर पडला. पण अमेरिकेत सेगानेट ही त्यांची ऑनलाइन खेळण्याची सेवा सुरू झाली सप्टेंबर २००० मध्ये, यंत्र आल्यानंतर वर्षभराने. आणि ज्या गेमसाठी लोकांनी खरोखर फोनची लाइन तासन्‌तास अडवून ठेवली असती, तो ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ जपानमध्ये आला २१ डिसेंबर २००० रोजी. माघारीची घोषणा त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाली. मॉडेम होता, पण त्याला काम देणारे काही वेळेवर तयार नव्हते. तोच पैसा आणि तेच मनुष्यबळ पहिल्या वर्षाच्या गेमवर किंवा चिपच्या पुरवठ्यावर लावले असते तर जपानमधले ते सोळा महिने सेगाच्या हातून असे निसटले नसते, असे माझे ठाम मत आहे.

जुना_खेळगडी (न्यू जर्सी)

जपानचा मुद्दा मान्य. मॉडेमचा नाही. तो नंतर सुटा विकला असता तर व्हीएमयू आणि कंपनाच्या पॅकसारखा निम्म्या लोकांनी घेतलाच नसता, आणि मग ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ कोणासाठी तयार करायचा हा प्रश्न सेगाच्याच कारागिरांपुढे उभा राहिला असता. प्लेस्टेशन २ चा नेटवर्क जोड वेगळा विकला गेला आणि त्यावर ऑनलाइन खेळणारे एकूण खपाच्या मानाने थोडेच राहिले. मॉडेम आत बसवणे योग्य होते, सेगानेट वर्षभर उशिरा येणे चुकीचे होते. जाब विचारायचाच तर तो सेवा वेळेवर उभी न करणाऱ्या व्यवस्थापनाला विचारावा, यंत्राची रचना करणाऱ्यांना नव्हे.